निवड

परवा वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, 'एलिगन्स'ला मराठीत काय म्हणावे?" मी सवयीने 'डौल', 'लालित्य', 'सुबकपणा' असे शब्द फळ्यावर लिहिले आणि उदाहरण म्हणून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे दैत्यसूदन मंदिर सांगितले. वर्गाचे समाधान झाले. माझे झाले नाही. त्या शिल्पखचित भिंतींत वैभव आहे; पण वैभव निराळे आणि हा गुण निराळा.

शब्दाचे कूळ पाहू गेल्यास तो 'निवडून काढणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाच्या गोत्रातला निघतो. 'इलेक्शन' हे त्याचेच भावंड. मौज अशी, की रोमन लोकांत आरंभी ही स्तुती नव्हतीच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ऑलस गेलियस सांगतो, की केटोच्या काळापर्यंत राहणीत व पोशाखात अति चोखंदळ असणाऱ्या माणसाला हे विशेषण दूषण म्हणून लावीत. पुढे दोष धुतला गेला; तरी गौरव झाला तो संयमाला धरून असणाऱ्या निवडीचाच.

मराठीने 'इलेक्शन'ला 'निवडणूक' म्हणून मूळ धातूचा अर्थ राखला. 'एलिगन्स'चे भाषांतर करताना मात्र आम्ही निवड विसरलो आणि नटवेपणाच्या जवळ जाऊन बसलो.

निवड मी लहानपणापासून घरात पाहिली होती. आई सूप घेऊन डाळ निवडीत बसे. खडा तेवढा बाजूला जाई. चांगल्या दाण्याला धक्का लागत नसे. बोलणेही तिचे तसेच असे. पण ते वऱ्हाडी होते, आणि मी इंग्रजीचा पदवीधर! एकदा बाहेरगावचे काही विद्वान घरी यावयाचे होते, तेव्हा मी तिला म्हणालो, "आई, तू आतच बस." तिने ऐकले. मात्र पाण्याचे तांब्याभांडे घेऊन ती एकदा बाहेर आली आणि म्हणाली, "पानी घ्या. लय दुरून आले तुमी." एवढेच बोलून आत गेली.

मी त्या दिवशी तासभर बोललो होतो. पुढे कित्येक वर्षांनी त्यांतील एक गृहस्थ भेटले. त्यांना आठवत होते ते आईचे वाक्य.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मंदिराचे उदाहरण मागे घेतले आणि फळ्यावर 'निवड' हा एकच शब्द लिहिला. विद्यार्थिनीने नवे उदाहरण मागितले. आई आता नाही. ते उदाहरण मला वर्गात सांगवले नाही.