मडक्यावरची पोळी, निखाऱ्यातला रोडगा

मित्रांनो, नागपूर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? संत्री आणि ऊन! बरोबरच आहे. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. अंड्याचं ऑम्लेट रस्त्यावर होईल, असं म्हणायची पाळी! पण हेच नागपूर हिवाळ्यात पाहा. इथून समुद्र फार लांब. त्यामुळे दिवस तापतो पटकन आणि रात्र निवतेही पटकन. जानेवारीत दुपारी २८-२९ अंशांचं कोवळं ऊन असतं आणि पहाटे मात्र गोधडीतून पाय बाहेर काढवत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

म्हणून नागपूरला यायचं ते हिवाळ्यात. हे आजचं नाही बरं का. इंग्रजांच्या काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. उन्हाळा लागला की साहेब लोक सातपुड्यातल्या पचमढीला जायचे आणि थंडी पडली की परत नागपुरात यायचे. पुढे १९५३ साली नागपूर करार झाला. विदर्भ महाराष्ट्रात आला, तर वर्षातून एकदा तरी विधिमंडळाचं अधिवेशन नागपूरला भरवायचं, असं त्यात ठरलं. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षापासून हिवाळी अधिवेशनाची प्रथा सुरू झाली. मध्ये काही वर्षं खंड पडला. २०२० आणि २०२१ मध्ये अधिवेशन मुंबईतच झालं. एरवी डिसेंबर आला की मंत्री, आमदार, अधिकारी, कारकून, शिपाई, पोलीस, पत्रकार अशी केवढी तरी माणसं फायलींच्या गठ्ठ्यांसह नागपुरात दाखल होतात.

आता मला सांगा, इतकी माणसं घर सोडून आली की सगळ्यांत आधी कशाची अडचण होते? जेवणाची! पहिले दोन दिवस हॉटेलची मजा वाटते. सकाळी हरभऱ्याची लालभडक तर्री घातलेले पोहे, दुपारी झणझणीत सावजी रस्सा. तिसऱ्या दिवशी नाकातोंडातून पाणी येतं आणि घरची पोळी आठवते. अशा वेळी कुणी नागपूरकर आग्रहानं घरी घेऊन गेला तर समजा, तुमचं भाग्य उघडलं! कारण नागपूरचं खरं जेवण घरातच कळतं.

मात्र आधी थोडे शब्द शिकून घ्या, नाहीतर फजिती व्हायची. घरातल्या आजी म्हणतील, ‘‘पोट्ट्या, थोडा सांबार आण नं!’’ तुम्ही डाळीचं सांबार शोधत बसाल. पण इथं सांबार म्हणजे कोथिंबीर! हिवाळ्यात ती स्वस्त आणि ताजी मिळते. मग ती भरपूर चिरून, खसखस, खोबरं, तीळ घालून तिचं सारण करतात, बेसनाच्या पारीत गुंडाळतात आणि तळतात. ही झाली सांबारवडी. टोमॅटोला जुनी माणसं भेदरं म्हणतात. तुरीच्या ओल्या शेंगा सोलून काढलेले हिरवे दाणे म्हणजे सोले. ते घालून केलेला सोलेभात थंडीतच खावा. डाळीचे वडे कुस्करून भातात कालवतात आणि वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी ओततात, तो वडाभात. आणि भाजी संपली असेल तर बेसनाच्या पाटवड्या तिखट रश्श्यात सोडल्या की पाहुण्यांचं जेवण तयार.

पण आज मी तुम्हांला सांगणार आहे ते पोळीबद्दल. किंवा असं म्हणू या, नागपूरच्या घरगुती भट्टीबद्दल. भाजण्यासाठी ओव्हन लागतो असं आपल्याला वाटतं. इथल्या आज्यांनी ओव्हनचं नावही ऐकलं नव्हतं, तेव्हापासून त्या भाजत आल्या आहेत. कशावर? एक मडकं आणि चार गोवऱ्या!

आधी मडक्याची गोष्ट. चुलीवर मोठं मडकं उपडं ठेवतात. त्याचं तोंड खाली, जाळावर. बूड वर. मडकं चांगलं तापलं की तोच झाला तवा, पण फुगीर! गव्हाची कणीक मीठ-पाणी घालून अगदी सैल भिजवतात. आपल्या पोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी सैल. ती खूप वेळ मळतात, आपटतात, मुरू देतात. मग बाई त्यातला एक गोळा उचलते. पोळपाट नाही, लाटणं नाही. गोळा या हातावरून त्या हातावर असा झुलवायचा की तो आपल्याच वजनानं लांबत जातो. बघता बघता तो कोपरापर्यंत येतो, रुमालासारखा पातळ होतो, आणि बाई तो अलगद मडक्यावर पसरते. थोड्याच वेळात रोटी भाजून निघते. तिची चौपदरी घडी घालून ती टोपलीत ठेवायची. हीच नागपूरची लांब पोळी किंवा लंबी रोटी. काही जण तिला मटका रोटी म्हणतात.

रोटी फाटत कशी नाही? त्याचं उत्तर गव्हात आहे. गव्हाच्या पिठात काही प्रथिनं असतात. पाणी घालून मळलं की त्यांची एकमेकांत गुंफण होते आणि ग्लुटेन नावाचं चिवट जाळं तयार होतं. घरी करून बघा. कणकेची एक लिंबाएवढी गोळी मागून घ्या आणि वाटीतल्या पाण्यात हळूहळू चोळा. पाणी पांढरं होईल. तो स्टार्च. पाणी बदलत राहा. शेवटी हातात रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरेल, ते ग्लुटेन! आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. हातात काहीच उरणार नाही. म्हणून तर ज्वारीची भाकरी थापावी लागते आणि गव्हाची रोटी झुलवता येते. आजींनी हे पुस्तकात वाचलेलं नसतं. ‘‘कणकेला जीव आला पाहिजे,’’ एवढंच त्या म्हणतात. अर्थ तोच!

अशी पोळी फक्त नागपुरातच होते का? नाही. लेबनॉन, पॅलेस्टाइन या देशांत ‘साज’ नावाचा घुमटासारखा फुगीर लोखंडी तवा असतो. त्यावर अशाच पातळ रोट्या भाजतात. आपल्या खानदेशात खापरावर पुरणाचे मांडे होतात. माणसं कुठली कुठली, पण चुलीपाशी त्यांची युक्ती एकच. आहे की नाही गंमत?

आता दुसरी भट्टी. हिला तर मडकंही लागत नाही. थंडीच्या दिवसांत शेतात, नाहीतर देवळाच्या आवारात वीस-पंचवीस माणसं जमतात. शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवतात. गहू मुद्दाम जाडसर दळून आणलेला असतो. त्यात मीठ, ओवा आणि तेलाचं मोहन घालून घट्ट कणीक भिजवतात. काही घरांत छोट्या छोट्या पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवतात आणि मोठ्या पारीत गुंडाळून गोळा करतात. हा रोडगा. इथं घाई करणाऱ्याचं काम नाही. जाळ असताना रोडगा टाकला तर तो बाहेरून कोळसा आणि आतून कच्चा! म्हणून जाळ विझू द्यायचा. निखाऱ्यांवर राखेचा थर आला की मग रोडगे त्यात ठेवायचे. राख ही निखाऱ्याची गोधडी. ती ऊब धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, म्हणून रोडगा आतपर्यंत भाजतो. मधूनमधून तो फिरवायचा. भाजला की बाहेर काढायचा, कापडात घेऊन राख झटकायची, हातानं फोडायचा आणि वर तुपाची धार. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. थंडीत अंगणात बसून हे खाल्लं की स्वेटर काढून ठेवावा लागतो!

पळसाच्या पानांत कणीक ठेवून निखाऱ्यात भाजली की होतात पानगे. पळस विदर्भात भरपूर, त्यामुळे पान झालं भांडं. खाऊन झालं की घासायचं काही नाही! राजस्थानची बाटी, बिहारची सातू भरलेली लिट्टी ही याच रोडग्याची भावंडं. आणि रोडगा काही नवा नाही. चारशे वर्षांहून जुन्या काळातल्या संत एकनाथांच्या भारुडात देवीला रोडग्याचा नवस बोललेला आहे.

हिवाळ्यात नागपुरात आणखी एक पाहुणे येतात. तिबेटी स्वेटरवाले. १९५९ नंतर अनेक तिबेटी कुटुंबं भारतात आली. त्यांतल्या काहींची वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. थंडीत निरनिराळ्या गावांत लोकरीचे कपडे विकायचे, हा अनेक तिबेटी कुटुंबांचा व्यवसाय. दिवसभर दुकान आणि रात्री घरचं जेवण. त्यांची घरची रोटी म्हणजे बालेप. जाडसर, गोल, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेली. तिबेटात भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे त्साम्पा, हे रोजचं अन्न. इकडे गहू हाताशी. देश सुटला, गाव बदललं, पण जेवायला बसल्यावर आपली रोटी आपल्यासारखी हवी, हे कुणाला सुटलं नाही.

आता एक गोष्ट जरा मन लावून वाचा. लांब पोळी करणाऱ्या बाया नागपुरात आजही आहेत. लग्नाला, जेवणावळीला, हॉटेलांना त्या रोट्या करून देतात. कित्येकींचं घर त्या मडक्यावर चालतं. पण काम सोपं नाही. लाकडं जमवायची, धूर डोळ्यांत जातो, हात पोळतात, मडकं तडकलं की नवं आणायचं. गॅसवर मडकं ठेवून करणाऱ्याही आहेत. पण हातावर रोटी झुलवणं काही गॅस शिकवत नाही. ते लहानपणी आईशेजारी बसून, शंभर रोट्या फाडून येतं. या बायांच्या मुली आता शाळा-कॉलेजात जातात, नोकरी करतात. जायलाच पाहिजे. धुरात बसा, असं त्यांना कोण म्हणेल? पण मग हातातली ती कला कुणाकडे जाणार? हे कोडं आहे आणि त्याचं सोपं उत्तर नाही. एवढं मात्र आपल्याला करता येतं, की अशी रोटी खाताना तिच्यामागचे हात ओळखायचे आणि तिचा भाव पाडून मागायचा नाही.

आणि तुमच्या घरी? तुमच्याही घरात काहीतरी असं असेलच. ते वहीत लिहून ठेवा. ‘अंदाजानं मीठ’ असं आजी म्हणाली तर तिची चिमूट चमच्यात मोजून घ्या! मात्र निखाऱ्यांशी एकट्यानं खेळायचं नाही, मोठं माणूस जवळ हवंच.

मग, येताय ना नागपूरला? डिसेंबर-जानेवारीत या. संत्री तेव्हा बाजारात असतात. कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका. ताटात दोन रोडगे पडल्यावरही ‘‘अजून एक घ्या नं जी!’’ असं ऐकू येईल. पोटात जागा ठेवूनच बसा. आणि स्वेटर घरी विसरलात तरी काळजी नको, तो इथं विकत मिळतो!