बहर आणि बॅट

टोकियो शहरानं अमेरिकेला भेट म्हणून पाठवलेली पहिली दोन हजार चेरीची झाडं वॉशिंग्टनला जाळून टाकावी लागली. साल १९१०. झाडांना कीड लागलेली होती. कृषी खात्याच्या तज्ज्ञांनी ती तपासली आणि अध्यक्ष टॅफ्ट यांनी जाळायला संमती दिली. दोन्हीकडच्या मुत्सद्द्यांनी सांभाळून घेतलं, कुणी राग धरला नाही, आणि टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी १९१२ मध्ये पुन्हा झाडं धाडली. या खेपेला ३,०२०. टायडल बेसिनच्या काठी मार्चअखेर जो बहर पाहायला माणसं लोटतात, तो त्या झाडांचा आणि त्यांच्या कलमांचा.

त्या गर्दीत मीही हिंडले आहे. पाण्यावर ओणवलेल्या फांद्या, खांद्यावर मुलं बसवलेले बाप, पाकळ्यांचा हलका सडा. मन भरून येतं. पण त्या बहराखालून चालताना मला १९४१ चा डिसेंबर आठवल्याशिवाय राहत नाही. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला चार दिवस होतात न होतात, तोच यातली चार झाडं कुणीतरी तोडली. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. युद्ध संपेपर्यंत या झाडांना जपानी म्हणायचंही लोक टाळत.

जपानबद्दल तुम्हाला काय वाटतं, असं अमेरिकन माणसाला विचारणाऱ्या पाहण्या गेली ऐंशीहून अधिक वर्षं चालू आहेत. त्या उत्तरांची झळ टोकियोला क्वचितच लागते. ती लागते कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतांना, लॉस एंजेलिसमधल्या लिटल टोकियोच्या दुकानांना, शाळेच्या बाकावर एकट्या पडलेल्या पोराला. समुद्रापलीकडच्या देशाविषयीचं मत इथल्या शेजाऱ्यानं भोगायचं, हे या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त टोचतं.

युद्धाच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळानं जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचं ठरवलं. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियानं त्यांच्या आईबापांना शेतजमिनीची मालकी नाकारली. १९२२ मध्ये ताकाओ ओझावा नागरिकत्व मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बर्कलीत शिकलेला, घरात इंग्रजी बोलणारा हा माणूस गोरा नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र ठरवला गेला. तीनच महिन्यांनी त्याच न्यायालयानं भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाला तेच उत्तर दिलं. अमेरिकेत आज सुखानं नांदणाऱ्या आपल्या माणसांना थिंडचं नाव क्वचित कुठे ऐकलेलं असतं, ओझावाचं बहुधा नसतंच. दोघंही एकाच बंद दारासमोर उभे होते.

१९ फेब्रुवारी १९४२ ला अध्यक्ष रूझवेल्टनी आदेश काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना घरं सोडावी लागली. जवळपास १,२०,००० माणसं. त्यातली दोन तृतीयांश अमेरिकेतच जन्मलेली, अमेरिकेचीच नागरिक. हाती धरवेल तेवढंच सामान घ्यायचं, बाकीचं मातीमोलानं विकायचं. त्या मार्चमधल्या एका पाहणीत ९३ टक्के अमेरिकनांना नागरिक नसलेल्या जपान्यांना हलवणं योग्य वाटलं, आणि नागरिक असलेल्यांनाही हलवावं असं ५९ टक्क्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या आकड्यापाशी मी थांबते. इतक्या लोकांना आपल्याच देशाचा नागरिक शत्रू वाटावा, याला भीती हे एकच कारण पुरत नाही.

डोरोथिया लँगनं त्या दिवसांची छायाचित्रं काढली. सरकारनंच तिला नेमलं होतं आणि सरकारनंच तिची छायाचित्रं युद्ध संपेपर्यंत दडवून ठेवली. ओकलंडमधल्या एका किराणा दुकानाचं त्यातलं चित्र आता जगभर माहीत आहे: दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत मालकानं लावलेली पाटी, मी अमेरिकन आहे. त्या पाटीचा उपयोग झाला नाही. मालकालाही जावं लागलं.

सॅन होझेचा दहा वर्षांचा नॉर्मन मिनेटा आईवडिलांबरोबर गाडीत चढला तेव्हा त्याच्या अंगात कब स्काउटचा गणवेश होता आणि हातात बेसबॉलची बॅट. पहाऱ्यावरच्या शिपायांनी ती काढून घेतली. तिचा हत्यार म्हणून वापर होईल, असं त्यांचं म्हणणं. पुढे वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीत, काटेरी तारेच्या आत, तो वाढला.

बाहेर द्वेष वाढतच होता. १९४४ च्या डिसेंबरमध्ये गॅलप या मतपाहणी संस्थेनं विचारलं, युद्धानंतर जपानचं काय करावं. १३ टक्के लोक म्हणाले, सगळ्या जपान्यांना मारून टाकावं. १९४५ च्या ऑगस्टमध्ये अणुबॉम्बला ८५ टक्क्यांची पसंती होती. बतानमध्ये जपान्यांच्या हाती सापडलेल्या कैद्यांची वाट पाहणाऱ्या, इवो जिमाच्या लढाईत मुलगा गमावलेल्या घरांतल्या रागाला मी नावं ठेवणार नाही. तो राग मला कळतो. मात्र पाहणीला उत्तर देणाऱ्यांत अशी घरं किती असतील? बाकीच्यांनी तो राग पोस्टरांवरून, चित्रपटांतून, मासिकांतून उसना घेतला होता.

उसना होता म्हणूनच तो उतरलाही लवकर. ३१ ऑगस्ट १९४६ चा ‘न्यू यॉर्कर’चा सबंध अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिलेला होता, आणि तो हातोहात खपला. बॉम्बखाली सापडलेल्या सहा माणसांना वाचकांना नावानिशी भेटता आलं. १९५५ मध्ये चेहरे भाजलेल्या पंचवीस तरुणी शस्त्रक्रियांसाठी हिरोशिमाहून न्यू यॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात आल्या, तेव्हा क्वेकर पंथाच्या कुटुंबांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं. एका पिढीच्या आतली ही गोष्ट. माणसांवर विश्वास ठेवावा असं मला जिथे जिथे वाटतं, त्यांत ही घरं आहेत.

माझ्या लहानपणी, ऐंशीच्या दशकात, काका आखातातून टू-इन-वन घेऊन आले होते. ‘मेड इन जपान’ ही अक्षरं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायची. त्याच सुमारास, १९८७ च्या जुलैत, अमेरिकेच्या संसदेतले काही सदस्य संसद भवनासमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणानं फोडत होते. तोशिबाच्या एका उपकंपनीनं सोव्हिएत युनियनला यंत्रं विकल्याचं निमित्त होतं. खालची धग बुडत चाललेल्या मोटार कारखान्यांची होती. त्या धगीनं आधीच एक बळी घेतला होता. १९८२ च्या जूनमध्ये डेट्रॉइटच्या एका क्लबात भांडण झालं आणि बाहेर आल्यावर क्रायस्लरमधला एक पर्यवेक्षक व त्याचा सावत्र मुलगा यांनी व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला बेसबॉलच्या बॅटनं मारलं. तुमच्यामुळे आमच्या नोकऱ्या गेल्या, असं त्याला ऐकवलं गेल्याची साक्ष आहे. चिन चिनी वंशाचा होता. लग्न काही दिवसांवर आलेलं. मारणाऱ्यांना दंड झाला तीन हजार डॉलर, आणि तुरुंगवास नाही.

१९८८ मध्ये सरकारनं छावण्यांबद्दल जाहीर माफी मागितली, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. त्या कायद्यासाठी झटणाऱ्यांत मिनेटा होते, तेव्हा संसद सदस्य झालेले. ११ सप्टेंबर २००१ ला ते परिवहनमंत्री होते. विमानं उतरवण्याचा हुकूम त्यांच्या खात्याचा. पुढच्या दिवसांत लोकांना हवं होतं की विमानतळांवर अरब आणि मुस्लिम दिसणाऱ्यांना वेगळं काढावं. ‘दिसणाऱ्यांना’ म्हटल्यावर त्यात पगडीधारी शीख आले, आपली मराठी मुलंही आली. मिनेटांनी वंश पाहून झडती घ्यायला ठाम नकार दिला. त्याबद्दल त्यांच्यावर खूप टीका झाली. ते हलले नाहीत.

आता हवा पार बदलली आहे. गॅलपच्या अलीकडच्या पाहण्यांत दहातले आठ अमेरिकन जपानबद्दल चांगलं बोलतात. शोहेई ओहतानी बॅट घेऊन मैदानात उतरला की डॉजर्सचं स्टेडियम उभं राहतं. तरीही निप्पॉन स्टीलनं यू. एस. स्टील विकत घ्यायचं म्हटल्याबरोबर जुने शब्द परत आले. जानेवारी २०२५ मध्ये बायडेन यांनी सुरक्षेचं कारण देऊन तो सौदा अडवला आणि जूनमध्ये, सरकारला खास अधिकार देऊन, तो पार पडला. म्हणून त्या दहातल्या आठांवर मी फार विसंबत नाही.

मला धीर देणारा आकडा वेगळाच आहे. २०२५ मध्ये प्यू संस्थेनं विचारलं, हिरोशिमा आणि नागासाकीवरचे बॉम्ब समर्थनीय होते का? ३५ टक्के हो म्हणाले, ३१ टक्के नाही. आणि ३३ टक्क्यांनी सांगितलं, आमचं नक्की ठरत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी ८५ टक्क्यांचं ठरलेलं होतं. आज न ठरलेल्या त्या तिसऱ्या हिश्शाशी मला बोलायचं आहे. कुणाच्या आजोबांचं पदक घरात आहे, कुणी हर्सी वाचला आहे, कुणाची आजी हार्ट माउंटनला होती, आणि कुणाला यातलं काहीच ठाऊक नाही पण घाईनं हो म्हणवत नाही, हे त्यांना एकेकट्याला विचारायचं आहे.