पातळ भिंत

चहा बशीत ओतून पिणाऱ्या माणसाला हल्ली अडाणी समजतात. आमच्या घरात तर या प्रश्नावरून सरळ दोन तट पडले आहेत. सौभाग्यवती आणि कन्या कपाच्या बाजूने, आणि मी एकटा बशीच्या. पाहुणे आले की मला डोळ्यांनी दटावण्यात येते. 'कॉलेजात शिकवता ना!' हे वाक्य तेवढे तोंडाबाहेर पडत नाही. परंतु गेल्या मे महिन्यापासून मी चारचौघांतही बिनदिक्कत बशी तोंडाला लावतो. माझ्या पाठीशी आता शास्त्र उभे आहे. आणि ते मला शिकवले माझ्या पुतण्याने, जो माझ्याच वर्गात मराठीत नापास झाला होता.

ती हकीकत सांगायची तर केळीच्या बागेपासून सुरुवात केली पाहिजे.

आमची वडिलोपार्जित जमीन पाचोरा तालुक्यात, गिरणेच्या काठी. धाकटा भाऊ ती कसतो. मी पाचोऱ्यात राहून पोरांना व्याकरण शिकवतो. दोन वर्षांपूर्वी भावाने विहिरीवर सौर पंप बसवला. यंदा मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला आणि पंपाने नवाच हट्ट धरला. सकाळी तो चाले, उन्हे उतरल्यावर चाले; पण दुपारी बारा वाजले की बंद! सूर्य डोक्यावर, वीज हवी तेवढी, बाग नुकतीच निसवलेली, आणि नेमका तेव्हाच पंप वामकुक्षी घेई. दोष पंपाचा नव्हता. विजेचे नियंत्रण करणारी जी पेटी असते ती तापे आणि जिवाच्या भीतीने आपली आपणच बंद पडे. भावाने तिच्यावर पऱ्हाट्यांचा मांडव घातला, तरी गुण येईना. केळीला चार दिवस पाणी चुकले की वर्षाची मेहनत मातीत जाते, हे खानदेशात कोणाला सांगावे लागत नाही.

"दादा," भाऊ चाचरत म्हणाला, "पोराला बोलावू का?"

स्वतःच्या मुलाला बोलवायला त्याला माझी परवानगी का लागावी? कारण आठ वर्षांपूर्वी हा मुलगा शिकण्यासाठी माझ्या घरी राहत होता. लहानपणी पाचोरा-जामनेर या अरुंद रुळांच्या गाडीचे इंजिन पाहत तो तासन्‌तास फलाटावर बसे. ती गाडी २०२० पर्यंत धावत होती. पण पुस्तकाशी याचे सूत कधीच जमले नाही. निकाल लागला त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर भावाला म्हणालो, "याच्या हातून काही व्हायचे नाही. तुझे पैसे वाचव." मुलगा एक शब्द बोलला नाही. रात्री पेटी उचलून गेला. पुढे आय.टी.आय. केली, नोकरी केली, आणि आता जळगावच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये त्याचे स्वतःचे एक मशीन आहे. लग्नाकार्यात भेटला की वाकून नमस्कार करी आणि पुढे जाई.

तो आला. पेटीच्या पाठीवरून हात फिरवला, मापे घेतली आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मला प्रश्न विचारला, "काका, तुम्ही चहा बशीत का ओतता?"

"लवकर निवतो म्हणून."

"का निवतो?"

मी गप्प. वर्गात गप्प बसणारी मुले आठवली.

"चहा तेवढाच, पण हवेला लागणारे अंग वाढते. या पेटीच्या पाठीला अंगच कमी आहे. हिला बशी हवी."

बशी म्हणजे ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा. लांबी २०० आणि रुंदी ९८ मिलिमीटर. त्याला एका अंगाने उभ्या खाचा पाडायच्या. मध्ये जी पाती उरतात त्यांना 'फिन' म्हणतात. फिन २ मिलिमीटर जाड, २५ उंच. दोन फिनांमध्ये ६ मिलिमीटरची फट. अशी तेरा पाती झाली की हवेला लागणारे अंग सपाट पाठीच्या साडेसातपट होते. मी विचारले, "मग फटी आणखी बारीक करून पाती वाढव की!" तो म्हणाला, "पंखा नसताना फार दाटी केली तर वारा आत खेळत नाही."

बाग सोडून भावाला हलता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच पॅसेंजरने म्हसावद-शिरसोली करीत जळगावला पोहोचलो. शेडमध्ये ते मशीन कपाटासारखे उभे होते. त्याला अक्षरे आणि आकडे वाचता येतात. 'जी १' म्हटले की सरळ रेघेत जायचे, 'जी २' म्हटले की घड्याळाच्या दिशेने कमान घ्यायची. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये १९५२ साली कागदी पट्टीवरची भोके वाचून चालणारे असे पहिले मशीन लोकांना दाखवले गेले, त्याचा हा नातू. अलंकार नाही, श्लेष नाही, एका शब्दाचा एकच अर्थ! मला त्या भाषेचा हेवा वाटला.

कारखान्यात अशा पट्ट्या हजारोंनी लागतात, तेव्हा सोऱ्यातून शेव पाडावी तसे तापवलेले ॲल्युमिनियम साच्यातून दाबून काढतात. पण एकाच नगासाठी सोऱ्या कोण घडवणार? तो कोरूनच काढायचा. आणि कोरताना खरा प्रश्न असतो तो वाटेचा. कटरने कोठून शिरायचे, किती खोल जायचे, कोणती फट आधी घ्यायची.

मला संध्याकाळची गाडी गाठायची होती. "लवकर होईल ना?" असे मी तीनदा विचारले. त्याने जवळची वाट धरली. एक फट थेट तळापर्यंत संपवायची, मग दुसरी. तीन फटी झाल्या. चौथीत मशीन माशीसारखे गुणगुणू लागले, मग किंचाळले, आणि 'कट्‌' असा आवाज होऊन कटर तुटला. तिसऱ्या आणि चौथ्या फटीमधले पाते एका बाजूला कलले होते.

मी ओशाळलो. त्याने मात्र ते पाते बोटाने हलवून दाखवले. "काका, याच्या एका बाजूचा आधार मी पार काढून घेतला आणि मग दुसऱ्या बाजूने जोर लावला. पातळ भिंत आहे, ती कलणारच. चूक ॲल्युमिनियमची नाही, वाटेची आहे."

मग त्याने नवी वाट आखली. सगळ्या फटी एकदमच, पण प्रत्येक थर फक्त अडीच मिलिमीटरचा. आधी ५ मिलिमीटरच्या कटरने फटीच्या मधून जायचे, मग उरलेला अर्धा-अर्धा मिलिमीटर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घ्यायचा. सगळ्या फटींची पाळी झाली की पुढचा थर. असे दहा थर. वरचे पाते पातळ होत जाते, पण कापताना त्याच्या पायाशी भरीव धातू असतो. कटरचा दात जाड काप घेऊन शिरेल आणि पातळ होत बाहेर पडेल, अशी दिशाही त्याने साधली. उलट गेले तर दात आधी घासतो आणि मग कापतो. ॲल्युमिनियम चिकट, म्हणून खाचेतला कीस हवेच्या झोताने उडवत राहायचे. तासाच्या कामाला तीन तास लागले. माझी गाडी गेली. मला तिची आठवणही झाली नाही.

तेरा पाती सरळ उभी राहिली तेव्हा मी म्हणालो, "त्या दिवशी मी तुला बोलायला नको होते. तेही सगळ्यांसमोर."

तो पुसण्याचे फडके घडी घालत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "काका, मराठी मला तेव्हाही येत नव्हते, आताही येत नाही. पण तुम्ही चहा घेणार ना?"

बशी त्यानेच आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी पेटीच्या पाठीला लागली. फटी उभ्या ठेवल्या, कारण गरम हवा वर चढते. दुपारचा एक वाजून गेला तरी पाटात पाणी खळखळत होते. भाऊ पाण्यात पाय सोडून बसला होता. बोलत काहीच नव्हता.

तो बिघडलेला ठोकळा मी मागून आणला आहे. माझ्या टेबलावर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर तो वजन म्हणून असतो. लाल पेन उचलले की कललेले पाते दिसते, आणि शेरा लिहिण्यापूर्वी हात क्षणभर थांबतो. गुण मी वाढवीत नाही. शेरा मात्र पुन्हा एकदा वाचून पाहतो.

यंदाच्या दिवाळीला पुतण्या फराळाला येणार आहे. तेव्हा बशीच्या पक्षाची दोन मते होतील.