परदादांच्या शोधात मुरुडला

अलिबागहून रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, नांदगाव अशी वळणे घेत एस.टी. मुरुडजवळ येते, तेव्हा आधी टेकडीवरचा नवाबांचा अहमदगंज राजवाडा दिसतो आणि मग नारळी-सुपारीच्या वाड्यांत दडलेले गाव. येथे येणारे बहुतेक जण राजपुरीला जातात, शिडाच्या होडीतून जंजिरा किल्ला गाठतात, कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढतात आणि संध्याकाळी परत निघतात. मी दिवाळीच्या सुट्टीत मुरुडमध्ये पाच दिवस राहिले ते लोकांच्या घरातल्या ट्रंका, माळे आणि भिंतीवरच्या चौकटी पाहण्यासाठी. माझे परदादा, म्हणजे अब्बांचे आजोबा, याच गावात फोटोग्राफर होते. आमच्या घरात त्यांनी काढलेला एकही फोटो नाही. त्यांचा स्वतःचा फोटो तर कोणी पाहिलेलाच नाही.

अब्बा आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत. परदादांचा इंतकाल झाला तेव्हा ते चार वर्षांचे होते. त्यांना आठवतात ती फक्त परदादांची नखे. ती कायम काळपट असत, वुजूच्या पाण्यानेही डाग जात नसत. प्लेट धुण्याच्या मसाल्याने आणि चांदीच्या क्षारांनी पूर्वीच्या फोटोग्राफरांची बोटे अशीच रंगत. “चेहरा आठवत नाही, बेटा, नखं आठवतात,” असे अब्बा म्हणाले आणि मी मुरुडला जायचे ठरवले.

मुरुड तेव्हा आजच्यासारखे केवळ पर्यटनाचे गाव नव्हते. ते सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानाची राजधानी होते. मुरुड, म्हसळा आणि श्रीवर्धन हा संस्थानाचा कोकणातला मुलूख १९४८ साली भारतात विलीन झाला आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा भाग बनला. दरबार, कचेऱ्या, शाळा, बंदर असे सगळे येथे होते. तरीही फोटोग्राफरचे पोट नवाबांवर भरत नसे. संस्थानिकांना मुंबईचे मोठे स्टुडिओ जवळ होते. परदादांचे गिऱ्हाईक म्हणजे कारकून, मास्तर आणि मुख्यतः जहाजावर जाणारी माणसे. कोकणी मुसलमानांच्या घरातला एक तरी पुरुष तेव्हा खलाशी, सारंग किंवा आगवाला म्हणून समुद्रावर असे. निघण्यापूर्वी तो आपला फोटो घरी ठेवून जाई. मागे राहिलेल्या माणसांना वर्ष-दीड वर्ष त्याच कागदाकडे पाहून काढावे लागे.

त्यांचे घर शोधायला मला अर्धा दिवस लागला. खूण एकच होती. उत्तरेकडच्या छपरात मातीच्या कौलांऐवजी काचेची कौले. विजेचे दिवे नसताना फोटोसाठी मऊ, स्थिर उजेड लागे आणि तो उत्तरेकडून येतो, कारण त्या बाजूने ऊन थेट आत शिरत नाही. दोन आळ्या फिरल्यावर एका जुन्या घराच्या मागच्या पडवीवर काचेच्या कौलांची रांग दिसली. काही फुटली होती आणि त्यांच्या जागी पत्रा बसवलेला होता. घर कधीच विकले गेले आहे. सध्याच्या मालकीणबाईंनी मला नातेवाईक आल्यासारखे आत घेतले. पडवीत आता सुपारी वाळत पडते. भिंतीत एक लाकडी कडी होती. रंगवलेला पडदा तिलाच टांगत असावेत, असे त्यांचे म्हणणे पडले.

त्या काळचे काम सोपे नव्हते. काचेच्या पट्टीवर जिलेटिन आणि चांदीच्या क्षारांचा लेप दिलेल्या तयार प्लेटा मुंबईहून आगबोटीने येत. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, काळ्या कापडाखाली डोके घालून उलटी दिसणारी प्रतिमा नीट जुळवायची, मग प्लेट आत सरकवून भिंगावरचे झाकण काढायचे आणि मनात आकडे मोजून परत लावायचे. तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. नंतर लाल कंदिलाच्या अंधाऱ्या खोलीत प्लेट धुवायची. त्यासाठी गोड पाणी हवे, खारे चालत नाही. घरामागची विहीर गोड्या पाण्याची आहे हे ऐकल्यावर परदादांनी हेच घर का घेतले असेल ते कळले.

एवढ्या वर्षांच्या कामातून शेकडो प्लेटा साठल्या असतील. त्या गेल्या कुठे? पहिले उत्तर कोकणच्या पावसाने दिले. जिलेटिन हे बुरशीचे खाद्य आहे. चार महिन्यांच्या दमट हवेत लेप फुगतो, सुटतो आणि चेहरा काचेवरून सोलून निघतो. दुसरे उत्तर एका लांबच्या नात्यातल्या चाचांच्या घरी मिळाले. तेथे आयतुल कुर्सीचा जुना तुगरा भिंतीवर आहे. त्याची काच साडेसहा इंच बाय साडेआठ इंच निघाली. फोटोग्राफीत याला फुल प्लेट म्हणतात. चौकट उतरवून पाहिली तेव्हा काचेच्या एका कडेला तपकिरी लेपाची बारीक रेघ शिल्लक होती. चाचा म्हणाले, “तुझ्या दादांनी सोड्याच्या गरम पाण्यात काचा धुऊन विकल्या. अर्ध्या मुरुडचे तुगरे त्याच काचांखाली आहेत.”

दादांविषयी येथे थोडे सांगायला हवे. ते नमाज-रोज्याचे पाबंद होते आणि घरात तस्वीर नको या हदीसवर त्यांचा काटेकोर अमल होता. बापाच्या धंद्याविषयी ते कधी बोलले नाहीत. तस्वीरीचा हा प्रश्न त्या पिढीत घराघरांत होता आणि आलिमांतही मतभेद होते. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून सांगितले की, छायाचित्र ही नवी निर्मिती नसून पडलेली सावली धरून ठेवणे आहे, म्हणून ते जायज आहे. आपल्याकडे मौलाना आझादांचे ‘अल-हिलाल’ १९१२ साली निघाले तेच छायाचित्रांसह. दुसरीकडे अनेक मोठ्या उलमांनी छायाचित्राला तस्वीरच मानले आणि निकडीपुरतीच मुभा दिली. परदादा एका मताचे असतील, दादा दुसऱ्या. दोघेही आपापल्या ठिकाणी अल्लाहला भिऊन वागणारे होते. विधवा आई आणि लहान भावंडे सांभाळणाऱ्या दादांना काचेचे चार पैसे आले हेही खरे. त्यांच्या मगफिरतची दुआ करताना माझ्या मनात किंतु नसतो.

ज्यांच्या घराण्याने काचा जपल्या त्यांचे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. हैदराबादच्या निजामांनी ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिलेले लाला दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या प्लेटा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यामुळे त्यांचे नाव आणि काम दोन्ही टिकले. उलट उदाहरण मक्केचे आहे. तेथील हकीम सय्यद अब्दुल गफ्फार यांनी १८८०च्या दशकात हरम शरीफची आणि हाजींची छायाचित्रे काढली. डच विद्वान स्नूक हुर्खोन्ये यांनी १८८९च्या आपल्या चित्रसंग्रहात ती छापली, पण हकीमसाहेबांचे नाव दिले नाही. त्यांची ओळख पटायला पुढे कित्येक दशके गेली. चित्रे जगभर पोहोचली आणि काढणारा मागे राहिला.

मुरुडमध्ये मला सरकारी दप्तरापेक्षा घरातल्या बायकांची मदत झाली. फोटो भिंतीवर नव्हते. ते ट्रंकेच्या तळाशी, निकाहनाम्याबरोबर, वर्तमानपत्राच्या घडीत किंवा जुन्या दुपट्ट्यात गुंडाळलेले होते. मी सासर-माहेर सांगायचे, चहा व्हायचा, मग कोणीतरी आत जाऊन काहीतरी घेऊन यायचे. फोटो उलटा करून मी आधी पाठ पाहायची. लंबगोल शिक्का, वर उर्दूत परदादांचे नाव आणि खाली मराठीत ‘मुरुड-जंजिरा’. पाच दिवसांत असे चौदा फोटो मिळाले. टोपी घातलेले दोन भाऊ, एका शाळेचे मास्तर, अंगरख्यात न मावणारा एक दुल्हा आणि बाकी सगळे समुद्रावर जाणारे तरुण. स्टुडिओच्या घरातही माळ्यावर खाचांच्या पेटीत तीन प्लेटा निघाल्या. दोन पांढऱ्या पडल्या होत्या. तिसरी उजेडासमोर धरली तर एका माणसाचा चेहरा दिसला आणि त्याच्या गालांवर शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके.

हे ठिपके म्हणजे ‘रिटचिंग’. तेव्हा देवीच्या साथीतून वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर व्रण असत. व्रणाची सावली प्लेटवर पारदर्शक ठिपका होऊन उमटते. त्यावर टोकदार पेन्सिलीने भर दिली की कागदावर ती जागा उजळ होते आणि गाल साफ दिसतो. हे काम भिंग लावून तासन् तास बसून करावे लागे.

या ठिपक्यांचा खरा अर्थ मला चौथ्या दिवशी कळला. ऐंशी पार केलेल्या एका खालांकडे त्यांच्या वालिदांचा फोटो होता, त्यावर परदादांचा शिक्का होता. वालिद मुंबईत कामाला होते. १७ जुलै १९४७ रोजी, रमजान तोंडावर आला म्हणून, ते घरी यायला निघाले. पावसाळ्यात पुढच्या बंदरांच्या आगबोटी बंद असत, म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची ‘रामदास’ त्यांनी पकडली. ती काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. खालांच्या वालिदांची मय्यत मिळाली नाही. गायबाना नमाजे जनाजा पढली गेली. कबर नाही, फातिहा पढायला जागा नाही. हा एकच फोटो आहे.

खाला तेव्हा पाच वर्षांच्या होत्या. फोटो माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “बेटी, मला अब्बांचा गाल आठवतो. खरखरीत होता. मी हात फिरवायची. पण फोटोत बघ, कसा गुळगुळीत आहे. अम्मीला विचारायची छाती झाली नाही. मला वाटायचं, माझी आठवणच खोटी आहे. भलत्याच कुणाचा गाल असेल.”

मी फोटो दारात उजेडाला नेला आणि भिंगातून पाहिला. दोन्ही गालांवर बारीक, उजळ ठिपक्यांची जाळी होती. मोबाइलवर काढून ठेवलेले त्या तिसऱ्या प्लेटचे चित्र खालांना दाखवले आणि पेन्सिलीचे काम समजावून सांगितले. त्यांच्या वालिदांना देवी येऊन गेल्या होत्या. व्रण माझ्या परदादांनी लपवले होते. खालांनी बराच वेळ काही विचारले नाही. मग फोटोवरच्या गालावर अंगठा फिरवून म्हणाल्या, “म्हणजे मला बरोबर आठवतं.”

आपल्या माणसाचे काम सापडले याचा आनंद मला त्या घरात झाला. परदादांचा चेहरा मिळाला नाही, पण त्यांचा हात मिळाला. एका खलाशाला आपल्या बायकोच्या पेटीत देखणे राहायचे होते आणि काळ्या नखांच्या एका माणसाने त्यासाठी रात्री डोळे शिणवले. त्याच हाताने एका मुलीची आठवण नकळत झाकली गेली होती. ती त्याच्याच पणतीच्या हातून मोकळी झाली. अल्लाहची हिकमत!

खालांच्या फोटोच्या पाठीवर कोणाचेच नाव नव्हते. त्यांच्या सांगण्यावरून मी मऊ पेन्सिलीने उर्दूत आणि मराठीत नाव, वल्दियत, गाव आणि ‘रामदास’ची तारीख लिहिली. तुमच्या घरी असे फोटो असतील तर एवढे आजच करा, कारण ओळखणारी पिढी आता थोडी उरली आहे. बॉलपेन वापरू नका, शाई पुढे उमटते. फोटो लॅमिनेट करू नका. काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेवरूनच मोबाइलने चित्र घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कोरड्या कागदात ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा वारा द्या. भिंतीवर लावायचा की नाही, हा ज्याच्या त्याच्या घराचा आणि मसलकाचा प्रश्न आहे. पेटीत ठेवलेल्यालाही नाव तर हवेच.

अब्बांना मी चौदाही फोटोंच्या प्रती दाखवल्या. त्यांनी एकेका फोटोची पाठच जास्त वेळ पाहिली, शिक्क्यातले उर्दू नाव मोठ्याने वाचले आणि त्यावर दरूद पढून दुआ केली. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रीवर्धन आणि म्हसळ्याला जायचे आहे, इन्शाअल्लाह. तिकडच्या घरांतल्या माळ्यांवर लंबगोल शिक्क्याचा एखादा फोटो असेलच.