देवबागची पडवी आणि शनिवारचे पाहुणे

मालवणहून तारकर्ली मागे टाकून पुढे निघालात की रस्ता अरुंद होत जातो. उजव्या हाताला माडांच्या मागे अरबी समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये जेमतेम घरं, परसं आणि रस्ता मावेल एवढी जमिनीची पट्टी. हे देवबाग. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगव्याचा किनारा दिसतो. कोकणात घरगुती मुक्काम करायचा असेल तर इथे जरूर या. पण आज मी तुम्हाला समुद्र दाखवणार नाही, त्या घरांच्या आत नेणार आहे.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर हळूहळू इथल्या घरांना मागच्या बाजूने दोन-दोन खोल्या जोडल्या गेल्या, पडवीत जेवणाची टेबलं आली, फाटकावर मोबाईल नंबराची पाटी लागली. हल्ली बुकिंग ॲपवरूनही येतं. तरी हे हॉटेल नाही, हे लक्षात घ्या. तुमच्या खोलीच्या भिंतीपलीकडे मालकांची आई झोपलेली असते. कुंपणाला लागून चुलत्यांचं घर असतं. त्या घरातला माणूस पहाटे उठून रापणीला किंवा होडीवर जातो. पाहुणा रविवारी निघून जातो. सोमवारी विहिरीचा पंप बिघडला तर मदतीला तोच चुलता येणार असतो, किंवा रुसून येणार नसतो.

म्हणून धिंगाणा घालणारा पाहुणा इथे चादर-काचेच्या नुकसानीपेक्षा बराच महाग पडतो. फुटलेला आरसा भरून येतो, वाडीत बिनसलं की वर्षं जातात.

तुमच्या गावच्या घरात खोली भाड्याने द्यायचा विचार असेल, मग ते घर कोकणात असो, महाबळेश्वरला असो की कुर्गात, तर इथल्या जुन्या यजमानांची एक सवय उचला. बुकिंग ॲपवरून आलं तरी ते एकदा फोन करतात. गप्पाच असतात त्या. किती जण येताय? लहान मुलं आहेत का? गाड्या किती? पोचायला किती वाजतील? मासे खाता ना? या पाच प्रश्नांत सगळं कळतं. बुकिंग सहा जणांचं आणि गाड्या चार, तर हिशेब जुळत नाही. सहा माणसांसाठी बांधलेला शौचखड्डा आणि उन्हाळ्यातली विहीर चौदा जणांना पुरत नाही, हे तिथल्या तिथे सांगून टाकायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोरचा उलट काय विचारतो ते ऐकायचं. ‘बाळासाठी गरम पाणी मिळेल का’, ‘नेटवर्क येतं का’, ‘सुरमई मिळेल ना’ हे नेहमीचे प्रश्न. ‘शेजारी कुणी राहत नाही ना’, ‘मालक तिथेच असतात का’, ‘मोठा स्पीकर आणला तर चालेल ना’ असं विचारलं की ओळखायचं. नकार द्यायची पद्धतही इथली छान आहे. चिडायचं नाही, नियम सांगून मोकळं व्हायचं. ‘दहानंतर गाणी बंद हां, शेजारी म्हातारी माणसां आसत.’ ज्यांना रात्रभर नाचायचंय ते स्वतःच दुसरीकडे जातात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण चाळणी लावताना बरेच जण भलतंच चाळतात. आडनाव बघून नाही म्हणतात. ‘बॅचलर नकोत’ म्हणतात. लग्न झालंय का, विचारतात. माझ्या मते हे चूक आहे आणि निरुपयोगीही. रात्री दोन वाजता समुद्रावर फटाके लावणारं कुटुंब आजी-आजोबांसकट आलेलं असू शकतं, आणि अभ्यासाला आलेली चार पोरं तुमच्या अंगणातलं ताटसुद्धा स्वतः उचलून ठेवतात. अविवाहित जोडप्याला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली कोइम्बतूरच्या एका प्रकरणात सांगितलं आहे. माणूस सज्ञान आहे, ओळखपत्र दिलंय, नियम मान्य केलेत, एवढं पुरे.

ओळखपत्र मात्र सगळ्यांचं घ्यायचं. फक्त बुकिंग करणाऱ्याचं घेऊन बाकीच्यांना ‘बसा बसा’ म्हणायचं नाही. आधारची पूर्ण प्रत गोळा करून मोबाईलमध्ये साठवायची गरज नसते. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार डाउनलोड करता येतं, ते मागा. पाहुणा परदेशी असेल तर चोवीस तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते, त्यात हयगय नको. फाटकावर कॅमेरा असेल तर आधीच सांगा. खोलीत किंवा पडवीत लपवलेला कॅमेरा हा विषयच नाही. तो गुन्हा ठरू शकतो.

मालवणच्या बाजूला दारूचा मामला जरा वेगळा आहे. गोवा जवळ, तिथे बाटली स्वस्त आणि प्यायला वयाची अट अठरा. महाराष्ट्रात कडक दारूला पंचवीस. येताना डिकीत दोन-चार बाटल्या पडतातच. पण ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असलेली दारू या बाजूला आणणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाड्या उघडल्या जातात. नाक्यातून सुटलेली बाटली तुमच्या खोलीत सापडली तर धावपळ तुम्हालाच करावी लागते. म्हणून इथल्या काही घरांत नियमांच्या कागदावर ही ओळ स्वतंत्र लिहिलेली असते. हा कागद मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांत करून घ्या. बेळगाव-हुबळीकडची मंडळी आंबोली घाट उतरून इथे बरीच येतात, आणि स्वतःच्या भाषेत वाचलेला नियम ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा ठेवत नाही.

एवढं करूनही एखाद्या शनिवारी रात्री साडेअकराला ढोल सुरू होतोच. मग काय करायचं?

आधी स्वतः जायचं, पण एकटं नाही. घरातलं आणखी एक माणूस बरोबर असावं. आवाज चढवायचा नाही. ज्याने बुकिंग केलंय त्याला बाजूला बोलवायचं, मित्रांसमोर त्याचा पाणउतारा करायचा नाही; नाहीतर तो हट्टाला पेटतो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर लावायला कायद्याने मनाई आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते लिहिलेलं आहे, एवढंच सांगायचं. मग खोलीत येऊन तेच बोलणं मेसेजने पाठवायचं. वेळेसकट नोंद राहते. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं.

नाही मिटलं तर दुसऱ्यांदा सांगताना उद्या सकाळी खोली सोडावी लागेल, असं बजावायचं. ॲपवरचं बुकिंग असेल तर त्यांच्या मदत क्रमांकावर तेव्हाच कळवायचं. मारामारी, बाईमाणसाला त्रास किंवा कुणी प्यायलेल्या अवस्थेत पाण्यात उतरायला निघालं तर मात्र थांबायचं नाही, सरळ ११२ लावायचा. देवबागच्या संगमाजवळ भरती-ओहोटीला पाण्याला जबरदस्त ओढ असते. तिथे ‘पाहुणे नाराज होतील’ हा विचार करायला वेळ नसतो.

काय करायचं नाही तेही ऐका. वीज तोडायची नाही, सामान अडवायचं नाही, गाडीसमोर स्वतःची गाडी आडवी लावायची नाही. वाडीतली दहा पोरं बोलावून दम द्यायचा नाही. तुमची बाजू खरी असली तरी एवढ्याने ती खोटी पडते, आणि मोबाईलवर चित्रित झालेला तुकडा तेवढाच फिरतो.

अनामत रक्कम घेत असाल तर आधी ठरवून घ्या आणि खोली ताब्यात देताना पाहुण्यासमोरच फोटो काढा. फुटलेल्या वस्तूचं बिल दाखवून तेवढेच पैसे कापायचे, उरलेले त्याच सकाळी यूपीआयने परत. रागाने पूर्ण अनामत ठेवून घेणारे यजमान मी पाहिलेत. पुढचे चार महिने ते वाईट अभिप्रायांना उत्तरं देत बसतात. आणि वाईट अभिप्राय आलाच तर उत्तर चार ओळींचं असावं. किती वाजता, काय घडलं, कधी सांगितलं, पैसे कधी परत केले. पुढचा पाहुणा तुमचं उत्तर वाचूनच ठरवतो.

तुम्ही यजमान नसाल, नुसतेच फिरायला निघाला असाल, तर गणपतीत इथे खोल्या शोधू नका. मुंबईची माणसं घरी आलेली असतात आणि मागच्या दोन खोल्यांत तेव्हा आत्या, मावशा आणि त्यांची पोरं झोपतात. पावसाळा ओसरल्यावर या. पाच प्रश्नांचा फोन आला तर वैतागू नका. किती जण येताय ते खरं सांगा, आणि सुरमई हवी असेल तर तीही तेव्हाच सांगून ठेवा.