सौम्य, कडक आणि पाणचट

बिअरसारख्या विषयावर मराठीच्या अध्यापकांनी लिहावे काय, यावर आम्हा दोघांत पुरेसा खल झाला. कवितेतल्या मद्याचे रसग्रहण आम्ही गेली वीस वर्षे वर्गात निर्विकार चेहऱ्याने करत आलो आहोत. तेव्हा बाटलीतल्या मद्याचे करण्यास हरकत नसावी, असे शेवटी ठरले. शिवाय आमचे कुतूहल मुळात एका शब्दापासून सुरू झाले. अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे जुने विद्यार्थी सुट्टीत भेटायला येतात, तेव्हा तिथल्या बडवायझर, मिलर, कूर्स या घरोघरी खपणाऱ्या बिअरना एकमुखाने 'वीक' म्हणतात आणि छोट्या भट्ट्यांतल्या किंवा युरोपातून येणाऱ्या बिअरचे गोडवे गातात.

हा 'वीक' शब्द फसवा आहे. मराठीत त्याला निदान दोन प्रतिशब्द लागतात. एक 'सौम्य' आणि दुसरा 'पाणचट'. ताक कितीही पातळ असले तरी त्याला नीट आंबटपणा आणि जिऱ्याचा वास असेल तर ते पाणचट ठरत नाही. उलट दाट दिसणारी आमटी खुशाल पाणचट निघते. हा भेद मनात ठेवून आकडे पाहिले की गंमत लक्षात येते. अमेरिकन बडवायझरमध्ये मद्यार्क असतो 5 टक्के. ज्या चेक बिअरवरून जगातल्या बहुतेक सोनेरी बिअरनी आपले रूप घेतले, त्या पिल्सनर उर्केलमध्ये 4.4 टक्के. आणि काळीभोर, जड वाटणाऱ्या आयरिश गिनेसच्या नळाच्या बिअरमध्ये त्याहूनही थोडा कमी. म्हणजे मद्यार्काच्या हिशेबात 'वीक' म्हणावी तर ती गिनेसला म्हणावी लागेल! गैरसमजाचे एक कारण मोजमापात आहे. 1933 साली अमेरिकेत दारूबंदी उठत असताना प्रथम 3.2 टक्क्यांच्या बिअरला परवानगी मिळाली आणि काही राज्यांत ही मर्यादा पुढे अनेक दशके टिकली. पण ते 3.2 वजनाचे होते. युरोपच्या पद्धतीने आकारमानात मोजले तर ते 4 टक्के भरतात.

तेव्हा प्रश्न पाणचटपणाचा आहे, आणि त्याचा इतिहास वाटतो तितका लबाडीचा नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि बोहेमियन कारागीर अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांना तिथे मिळाली ती सहा ओळींच्या कणसाची बार्ली. तिच्यात प्रथिने फार. नुसत्या तिच्या माल्टची बिअर गढूळ व्हायची आणि लवकर बिघडायची. मग त्यांनी त्यात मका किंवा तांदूळ मिसळून प्रथिनांचे प्रमाण उतरवले. 1876 साली सेंट लुईसमध्ये बडवायझर सुरू झाली तेव्हा तिच्यातला तांदूळ ही काटकसर नव्हती, ती पारदर्शक आणि टिकाऊ बिअर करण्याची युक्ती होती. (तांदळाच्या बाजूने बोलण्याचा मोह भात खाणाऱ्या आम्हाला होतो, हे मान्य.) मात्र तांदळाची साखर जवळजवळ सगळी आंबून जाते आणि मागे चव फारशी ठेवत नाही. युक्तीची पुढे सवय झाली. 1920 ते 1933 या दारूबंदीने शेकडो भट्ट्या संपवल्या, आणि एका पूर्ण पिढीच्या जिभेवरची जुनी चव पुसून टाकली.

त्यानंतरचा भाग मात्र आम्हाला खरा उद्बोधक वाटतो, आणि त्यात मिलवॉकीच्या श्लिट्झ कंपनीची कथा सर्वांत अधिक. एकेकाळी अमेरिकेत सर्वाधिक खपणारी ही बिअर. सत्तरच्या दशकात कंपनीने आंबवण्याचा काळ घटवला, माल्टच्या जागी मक्याचा पाक वाढवला, हॉप्सच्या खर्चात हात आखडला. प्रत्येक बदल इतका बारीक की आदल्या महिन्याची आणि या महिन्याची बिअर शेजारी ठेवून चाखली तर फरक कळू नये. पण अशा न कळणाऱ्या फरकांची बेरीज होते, आणि ती एक दिवस कळते. बिअर गढूळ होऊ नये म्हणून घातलेल्या एका द्रव्याची दुसऱ्याशी गाठ पडली आणि 1976 मध्ये बाटल्यांत चक्क कण तरंगू लागले. कंपनीने सुमारे एक कोटी बाटल्या परत घेतल्या. गिऱ्हाईक मात्र परत आले नाही. 1982 मध्ये कंपनी विकली गेली. पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर बसल्याचा अनुभव आम्हा दोघांनाही आहे. हा उतारा थोडा अवघड, तो शब्द कुणाला खटकेल, ही कविता लांब, असे एकेक वगळत गेल्यावर जे उरते ते कुणालाच नकोसे होत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. श्लिट्झच्या कारखान्यातल्या बैठका आम्ही अगदी डोळ्यांसमोर आणू शकतो.

'पाणचट' हा शब्द इथे अलंकारिकही राहत नाही. मोठ्या कारखान्यांत बिअर मुद्दाम घट्ट आंबवतात आणि बाटलीत भरण्यापूर्वी प्राणवायू काढलेले पाणी घालून ठरल्या टक्क्यांवर आणतात. त्याच टाक्यांत अधिक माल निघतो. 'लाइट' बिअर, म्हणजे 1975 पासून देशभर गाजलेली मिलर लाइट आणि तिची भावंडे, याही पुढे गेली. साध्या बिअरमध्ये यीस्टला न पचणारे काही पिष्टांश उरतात. तोंडात जो भरीवपणा जाणवतो तो त्यांचा. विकरे घालून तेही फोडले की उष्मांक घटतात आणि भरीवपणाही जातो. हॉप्सच्या कडवटपणाचे एक माप आहे. त्यावर अशा बिअर साधारण दहाच्या आसपास, तर पिल्सनर उर्केल पस्तीस-चाळीसच्या घरात. राहिलेली उणीव बर्फाची थंडी झाकते, कारण गारठलेल्या जिभेला फारसे काही कळत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत शंभराहूनही कमी भट्ट्या उरल्या होत्या. 1978 मध्ये घरगुती बिअर बनवण्यास केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली आणि स्वयंपाकघरांतून नवे कारागीर निघाले. 1980 मध्ये कॅलिफोर्नियातील चिको गावी सुरू झालेल्या सिएरा नेव्हाडाने कॅस्केड जातीच्या हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा वास लोकांना ओळखीचा करून दिला. आज भट्ट्या नऊ हजारांच्या पुढे आहेत. तरी या मंडळींची आरती करण्याची आमची तयारी नाही. कडूपणाची चढाओढ लावून त्यांनी कित्येकदा कारल्याचा रस विकला आहे. आयात हाही गुण नव्हे. हिरव्या वा पांढऱ्या काचेतल्या बिअरवर उजेड पडला की हॉप्समधून उग्र दर्प सुटतो, आणि महिनोन्‌महिने गोदामात तापलेली परदेशी बाटली ताज्या देशी बाटलीपुढे फिकी पडते. उलट लाखो बाटल्यांची चव तंतोतंत एकच राखणे ही मोठ्या कारखान्यांची विद्या लहानसहान नाही. इतक्या फिकट बिअरमध्ये दोष लपवायला जागाच नसते.

आपल्याकडे हे कोडे उलटे पडते. परमिट रूममधला वेटर विचारतो, "स्ट्राँग का माइल्ड?" आणि बहुसंख्य टेबलांवरून 'स्ट्राँग' हेच उत्तर येते. आपल्या खाद्यमानकांनुसार 5 टक्क्यांवरची, 8 टक्क्यांपर्यंतची बिअर ही स्ट्राँग. म्हणजे इथली लोकप्रिय बिअर कडक आहे आणि तरीही, आमच्या मते, पाणचट आहे: मद्यार्क भरपूर, मागे गोडसर चिकटपणा, बाकी काही नाही. बडवायझरलाही इथे 'मॅग्नम' ही कडक आवृत्ती विकावी लागली. पिणाऱ्याला नावे ठेवणे मात्र आम्हाला पटत नाही. एका बाटलीत किती नशा, हा हिशेब मोजक्या पैशांत संध्याकाळ काढणारा माणूस अचूक करतो. पुण्यात 2009 मध्ये डूलालीने ताज्या बिअरची भट्टी सुरू केली, तेव्हापासून त्या शहराला दुसरी चव ठाऊक झाली खरी, पण तिथल्या पेल्याच्या किमतीत परमिट रूममधला हा गृहस्थ बसत नाही, आणि अध्यापकही महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच बसतात.

अशाच एका पहिल्या आठवड्यात आम्ही रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना घेऊन गेलो. गव्हाची बिअर मागवली आणि त्यांच्या सांगण्यावरून पेला दहा मिनिटे तसाच ठेवला. गारवा उतरला तसा आधी केळ्याचा, मग लवंगेचा वास वर आला. हे यीस्टचे काम, फळ किंवा मसाला आत काही नसते, असे ते समजावत होते. तेवढ्यात वेटर दुसऱ्यांदा येऊन उभा राहिला. "सर, गरम झाली असेल. बदलून आणू का?"