तिसऱ्याचा विमा

आमच्या घरच्या सागवानी कपाटाचा सर्वांत वरचा खण महत्त्वाच्या कागदांचा. बाप्तिस्म्याचे दाखले, सातबाराचे उतारे, वडिलांच्या सहीचे एक जुने खरेदीखत आणि पाकिटात घडी करून ठेवलेले मुलांचे गुणपत्रक अशी सारी मंडळी तिथे वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत आहेत. त्याच खणाच्या तळाशी मोटारसायकलच्या विम्याचा कागद पाच वर्षे निपचित पडून होता. आम्ही एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकविले, उताऱ्यांवरील प्रश्न घालून मुलांना भंडावून सोडले; परंतु घरातला हा उतारा आम्ही एकदाही वाचला नव्हता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

तो वाचण्याची पाळी आणली ती आमच्या धाकट्याने. २०२४ च्या नोव्हेंबरात तो अठरा वर्षांचा झाला आणि आठवडाभरातच त्याने शिकाऊ परवाना मिळविला. महाराष्ट्रात २०२१ पासून ही परीक्षा घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. त्यामुळे आमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून रस्त्यावरील चिन्हे ओळखली आणि पलीकडे त्याची आई मासे साफ करीत होती. परवान्याचा कागद हाती आल्यावर तिने हात पुसले, तो नीट पाहिला आणि आम्हांला एवढेच विचारले, "हा शिकताना पडला, तर तुमच्या त्या विम्याच्या कागदावर काय मिळतं?"

प्रश्न साधा होता. उत्तर आम्हांला ठाऊक नव्हते. आणि तो प्रश्न आमच्या घरात कुणी सहज विचारत नाही, याला कारण आहे. ते पुढे येईल.

गाडी १२५ सीसीची, २०१९ साली घेतलेली. पतपेढीचे कर्ज सौभाग्यवतींच्या नावे निघाले, म्हणून गाडीही त्यांच्याच नावावर झाली. नवी गाडी प्रथम चर्चच्या आवारात नेली, फादरांनी पवित्र पाणी शिंपडले, चावीच्या कडीला संत ख्रिस्तोफरची छबी अडकवली आणि आमच्या लेखी सर्व संरक्षण पूर्ण झाले. कागदपत्रे विक्रेत्यानेच भरली होती. आम्ही दाखवील तिथे सह्या केल्या.

आता चष्मा लावून वाचावयास बसलो तेव्हा पहिला शोध लागला तो 'तिसऱ्या'चा. विम्याच्या भाषेत पहिला पक्ष म्हणजे गाडीचा मालक, दुसरा म्हणजे विमा कंपनी आणि तिसरा म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागू शकतो. कायद्याने सक्तीचा आहे तो केवळ या तिसऱ्यासाठीचा विमा. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील ही तरतूद १ जुलै १९४६ पासून अमलात आली आणि १९८८ च्या कायद्याने ती कलम १४६ मध्ये कायम ठेवली. तिसऱ्याचा मृत्यू झाला वा त्याला इजा झाली तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई कंपनीने द्यावयाची. त्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर दुचाकीपुरती एक लाखाची मर्यादा. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्यासाठी आपण पैसे भरावेत, हा विचार आम्हांला फार आवडला. इतकी वर्षे आपण हे पुण्य नकळत करीत होतो म्हणून थोडा अभिमानही वाटला. परंतु घरातल्यांचे काय, याचा शोध घेऊ लागलो तसतसा तो अभिमान ओसरत गेला.

नवी दुचाकी घेताना तिसऱ्यासाठीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा, असा दंडक १ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एका वर्षाचाच होता आणि तो आम्ही पुढे चालू ठेवला नव्हता. म्हणजे चार वर्षे आमच्याकडे तिसऱ्याशिवाय कुणाचाच विमा नव्हता. पहिल्या वर्षी पंधरा लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्याचे पैसे आम्ही भरल्याचे दिसले. पण तो कुणासाठी? 'मालक-चालका'साठी. म्हणजे नोंदणी-पुस्तकात ज्याचे नाव आहे आणि ज्याच्यापाशी वैध परवानाही आहे, अशाच व्यक्तीसाठी. आमच्या सौभाग्यवतींनी जन्मात गाडी चालविलेली नाही. गाडी चालवीत होतो आम्ही, आणि आम्ही मालक नव्हतो. थोडक्यात, आम्ही एका अशा माणसाचा विमा उतरविला होता की जो अस्तित्वातच नव्हता. विक्रेत्याने परवान्याबद्दल विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

शिकाऊ चालकाबद्दल मात्र कागद बोलत होता. शिकाऊ परवाना असलेलाही गाडी चालवू शकेल. मात्र त्याने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ३ पाळला पाहिजे. हा नियम काय सांगतो? गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्यावर तांबड्या रंगात 'एल' अक्षर हवे, आणि सोबत परवानाधारक शिकविणारा हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. मोटारसायकलवर अशी जागा एकच, मागची सीट. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात शिकाऊ परवाना हाही परवानाच होय, असे सांगितले आहे, तेव्हा शिकाऊ चालक आहे एवढ्यावरून कंपनीला तिसऱ्यापासून तोंड फिरविता येत नाही. येथवर आमचे समाधान झाले. परंतु मग मागे बसणाऱ्या त्या शिक्षकाचे काय? २००६ सालच्या टिळकसिंग खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले आहे की, केवळ कायद्यापुरता विमा असेल तर मागे बसलेल्या प्रवाशाची जोखीम कंपनीवर नाही. एका हाताने कायदा म्हणतो, मागे माणूस बसवा. दुसऱ्या हातातील कागद म्हणतो, त्या माणसाला आम्ही ओळखत नाही.

याच सुमारास स्विंडनहून भाचीचा फोन आला. इंग्लंडातल्या त्या गावी गोव्याकडची पुष्कळ कॅथॉलिक कुटुंबे आहेत. आमची भाची लग्न होऊन तिकडे गेली. तीही तेव्हा १२५ सीसीची गाडी शिकत होती, ही गंमतच म्हणावयाची. तिकडे डिसेंबर १९९० पासून शिकाऊ स्वाराला सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण घ्यावे लागते. पाच भागांचा हा अभ्यास बहुधा एका दिवसात उरकतो आणि शेवटी किमान दोन तास रस्त्यावर गाडी चालवावी लागते. शिक्षक दुसऱ्या गाडीवरून मागोमाग येतो आणि कानातल्या यंत्रातून सूचना देतो. शिकाऊ माणसाने मागे कुणालाही बसवावयाचे नाही, असा तिथला नियम. आमच्याकडे बसवलाच पाहिजे आणि तिकडे बसविता कामा नये! तिने प्रशिक्षणासाठी स्वतःची गाडी नेण्याचे ठरविले, म्हणून आधी विमा घेतला. विमावाल्यांनी गाडी रात्री कुठे उभी असते, हेदेखील विचारले. इतके करूनही प्रशिक्षणाच्या जागेपर्यंत ती गाडी चालवीत नेता येईना, कारण प्रमाणपत्रावाचून रस्त्यावर यावयाचेच नाही. अखेर गाडी टेम्पोत घालून नेली. "मामा, प्रशिक्षण संस्थेचीच गाडी भाड्याने घेतली असती तर त्यांच्या विम्यातच भागलं असतं," ती हसत म्हणाली. ते प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. आमच्याकडे शिकाऊ परवान्याला सहा महिने मुदत, आणि तीस दिवस झाल्यावाचून पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही.

आता ते कारण. आमच्या धाकट्या भावाचा मुलगा २०१६ च्या जूनमध्ये गेला. एकोणीस वर्षांचा होता. मित्राची गाडी घेऊन मिस्साहून परतत होता. पहिल्याच पावसाने रस्ता निसरडा झाला होता. दुसरे वाहन नव्हते, कुणाचा धक्का नव्हता. महिना सरल्यावर कुणीतरी म्हणाले, गाडीचा विमा होता, दावा लावा. दावा लावला. वकिलांनी पुढे समजावून सांगितले की जो दुसऱ्याची गाडी मागून घेतो तो मालकाच्या जागी उभा राहतो, आणि मालक स्वतःच स्वतःचा तिसरा होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे २००९ साली सांगितले होते, २०२० साली पुन्हा सांगितले. वैयक्तिक अपघाताचा विमा त्या काळी दुचाकीला एक लाखाचा असे, आणि तोही मालकापुरताच. भावाला पैसे नको होते. तरीही तो दावा फेटाळला गेला त्या दिवशी तो आमच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिला आणि म्हणाला, "दादा, माझा पोरगा पहिला नाही, दुसरा नाही आणि तिसरापण नाही. मग तो होता कोण?" आम्ही भाषेचे शिक्षक, आम्हांला उत्तर सुचले नाही.

तेव्हा या खेपेस आम्ही विमा प्रतिनिधीला घरी बोलाविले आणि कागद समोर ठेवून एकेक ओळ विचारली. बिचारा चहा गार होईतो बसला. नुसता तिसऱ्यासाठीचा विमा घ्यावयाचा तर आमच्या गाडीच्या वर्गाला वर्षाला ७१४ रुपये आणि वर १८ टक्के कर. हा दर १ जून २०२२ पासूनचा. आम्ही सर्वंकष विमा मागितला. नियामक प्राधिकरणाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे की दुचाकीच्या अशा विम्यात मागे बसणाऱ्याचीही जोखीम येते. खंड पडला असल्याने गाडीची तपासणी व छायाचित्रे झाली. मालक-चालकाचा भाग सौभाग्यवतींना परवाना नसल्याने निरर्थक होता, तो वगळला. आणि धाकट्यासाठी त्याच्याच नावे वैयक्तिक अपघाताची स्वतंत्र पॉलिसी घेतली, कारण ती गाडी कुणाची हे पाहत नाही. प्रतिनिधी म्हणाला, "सर, एवढी चौकशी गाडी शिकण्यासाठी कुणी करत नाही." सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मीपण लायसन काढते, म्हणजे मालकीण तरी खरी होईन." हे विनोदाने म्हटले की कसे, ते आम्हांला अद्याप कळलेले नाही.

राहिला प्रश्न शिक्षकाचा. शस्त्रक्रियेनंतर आमच्या गुडघ्यावर दोघांचा भार पेलण्याचा भरवसा नाही. कुणाला विचारावे या विवंचनेत असता एका रविवारी दुपारी भाऊ आला. तो पूर्वी पहाटे फुलांच्या टोपल्या गाडीवर बांधून स्टेशन गाठी आणि दादरच्या बाजारी जाई. २०१६ नंतर त्याने गाडी विकली नाही आणि वापरलीही नाही. टोपल्या रिक्षाने जाऊ लागल्या. परवान्याची मुदत मात्र त्याने वाढवून घेतलेली होती. का, ते आम्ही कधी विचारले नाही.

"पोराला मी शिकवतो," तो म्हणाला.

आम्ही नको म्हणावयास तोंड उघडले आणि मिटले. मग काहीतरी बोलावे म्हणून, मागे बसणाऱ्याचाही विमा आता घेतला आहे, हे त्याला सांगितले. नियम ३, २००९ चे परिपत्रक, सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. नंतर गाडीभोवती एक फेरी मारली, 'एल'ची मागची पाटी सैल होती ती खिशातल्या सुतळीने पुन्हा बांधली, चाकांतली हवा अंगठ्याने दाबून पाहिली.

"हेल्मेट दोन आहेत ना, दादा?"

दुसरे नव्हते. पाच वर्षे गाडी आमची, त्यात एकच हेल्मेट! शेजाऱ्यांकडून मागून आणले. ते त्याला जरा घट्टच झाले. धाकट्याने गाडी सुरू केली, दोनदा बंद पाडली. भाऊ मागे बसला, एक हात पोराच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाला, "क्लच हळू सोड. घाई नाही आपल्याला." चर्चच्या मैदानाकडे जाणाऱ्या वाटेवर ती गाडी पायी चालणाऱ्यापेक्षाही सावकाश निघाली. सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. वळणावर पाटीवरचे तांबडे अक्षर दिसेनासे होईपर्यंत त्या आत आल्या नाहीत.